मालमत्ता कर उपार्जित पद्धतीत कसा नोंदवावा

रोख पद्धतीत कर वसूल झाल्यावरच उत्पन्न दिसते. 2004 च्या राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिकेनुसार मात्र मागणी निघाली, म्हणजे बिल काढले, की उत्पन्न धरायचे; हीच उपार्जित पद्धत.

समजा बिल 5,000 रुपयांचे आहे आणि त्यात 400 रुपये राज्याचा शिक्षण कर व रोजगार हमी कर आहे. नोंद अशी: करदात्यांकडून येणे 5,000 नावे (डेबिट), मालमत्ता कर उत्पन्न 4,600 जमा (क्रेडिट), शासनास देय कर 400 जमा. हे 400 नगरपरिषदेचे नव्हेत, पण सर्रास उत्पन्नात जातात आणि उत्पन्न फुगते.

पैसे आले की बँक नावे, येणे जमा. इथे पुन्हा उत्पन्नाला हात लावू नका. रोखीची सवय असलेला लिपिक नेमका हेच करतो. पुढच्या वर्षाचा आगाऊ भरणा दायित्व म्हणून ठेवा.

दरमहा मागणी रजिस्टर (बिलांची नोंदवही) आणि खतावणीतील (लेजरमधील) येणे यांचा प्रभागनिहाय ताळमेळ घ्या. फरक बहुधा न वटलेल्या धनादेशांचा किंवा दुबार मालमत्ता क्रमांकांचा निघतो.

मग थकबाकी वयानुसार लावा: एक वर्षापर्यंतची, एक ते तीन, तीनहून जुनी. वसुली पथक आधी मोठ्या रकमांच्या ताज्या थकबाकीकडे पाठवा. जुन्यात न्यायप्रविष्ट आणि पाडलेल्या इमारती असतात. त्यांची यादी वेगळी काढा.