जाहीर व्याख्यान ऐकायला जाताना

सांगलीत एखादे अभ्यासपूर्ण व्याख्यान असेल, तर आदल्या रात्री विषयावरील दोन-चार पाने वाचून ठेवावीत. विषय मराठी रंगभूमीचा असल्यास, विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथेच ‘सीतास्वयंवर’ सादर केले, एवढे ठाऊक असले तरी सुरुवातीचे धागे चटकन जुळतात. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे वक्त्याचे मुद्दे आणि उजवीकडे स्वतःच्या शंका लिहाव्यात. विज्ञानाच्या व्याख्यानात पडद्यावर आलेख दिसताच आधी दोन्ही अक्षांवरची एकके टिपावीत, कारण वक्ता पुढे सरकला की नेमकी तीच हुकतात. प्रश्न एका वाक्यात विचारावा. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचेच भाषण करणारे गृहस्थ बहुधा पहिल्याच रांगेत बसलेले असतात. भिडस्त श्रोत्याने आभारप्रदर्शनानंतर, चहाच्या वेळी वक्त्यांना गाठावे.