प्रगणक दारी आल्यावर या चुका टाळा

पुण्यात अनोळखी माणसाने बेल वाजवून "घरात किती जण राहता?" असे विचारले, की "कशाला हवंय तुम्हाला?" हाच प्रतिप्रश्न येतो, आणि त्यात वावगे काहीही नाही. अडचण इतकीच, की ही सावधगिरी भलत्याच ठिकाणी वापरली जाते. मॉलमधल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक बिनदिक्कत लिहून देणारी मंडळी प्रगणकाला, म्हणजे जनगणनेची माहिती नोंदवायला आलेल्या कर्मचाऱ्याला, सासूबाईंचे वय सांगताना आढेवेढे घेतात. 2027 च्या जनगणनेत घरयादीचा, म्हणजे घरांची नोंद करण्याचा, टप्पा 2026 मध्ये आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये ठरलेली असल्याने, माहिती कुठे द्यावी आणि कुठे रोखावी हे स्पष्ट असलेले बरे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भीतीपोटी दिलेले खोटे उत्तर. फ्लॅट भाड्याने दिला असला, की स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात देते ती 40 टक्के सवलत जाईल या धास्तीने भाडेकरूला "पाहुणा" केले जाते. गच्चीवर वाढवलेली खोली तर अस्तित्वातच नसते. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार प्रगणकाने केलेल्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि त्या नोंदी दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत. फौजदारी खटल्यातही, तो याच अधिनियमाखालचा नसेल तर, चालत नाहीत. माहिती बाहेर फोडणारा जनगणना कर्मचारी शिक्षेस पात्र ठरतो. दुसऱ्या बाजूला, विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे हे नागरिकावरही कायद्याने बंधनकारक आहे आणि नकार दिल्यास 1,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गंमत म्हणजे, रूढीमुळे नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या स्त्रीला ते सांगण्याची सक्ती करता येणार नाही, अशी सवलतही हाच कायदा देतो.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे न विचारलेलेही देऊन टाकणे. प्रगणक आला म्हणून आधार कार्ड, रेशन कार्ड आणि वीजबिलाची फाइल काढून बसण्याचे कारण नाही, कारण जनगणनेतील माहिती तोंडी सांगण्यावरून नोंदवली जाते. बँक खात्याचा क्रमांक, पॅन किंवा कार्डाचा पिन तिच्या प्रश्नांत बसतच नाही. हे विचारणारा माणूस, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "जनगणना अ‍ॅप" म्हणून एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल पाठवणारा माणूस, प्रगणक नव्हे. ओळखपत्र आणि नेमणूकपत्र अवश्य मागावे. त्याचा राग खऱ्या प्रगणकाला येण्याचे कारण नाही. या जनगणनेत अधिकृत संकेतस्थळावर स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. तसे केल्यास मिळणारा क्रमांक जपून ठेवून प्रगणकाला दाखवावा, नाहीतर सगळी उत्तरे पुन्हा द्यावी लागतात.

पुण्यासारख्या शहरात माणूस कुठे मोजायचा, हा घोळ सर्वांत जास्त. लातूरची मुलगी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (फक्त खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन) राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिकडे आईवडील "आमची लेक" म्हणून तिचे नाव सांगतात आणि इकडे घरमालकीण "या काय आमच्या घरच्या नाहीत" म्हणून चार मुलींना वगळते. 2011 च्या जनगणनेच्या सूचनांनुसार गणनेच्या संपूर्ण काळात जी व्यक्ती घरी नसते, तिला त्या घरात धरत नाहीत. ती जिथे राहत असते तिथे तिची नोंद होते. एकत्र राहून एकाच चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, हा जनगणनेचा निकष आहे. त्यामुळे हिंजवडीत एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि एकत्र स्वयंपाक करणाऱ्या तिघा मित्रांचेही कुटुंब होते, नाते नसले तरी.

बायकांच्या कामाविषयीची चूक मला सर्वांत जास्त खटकते. "मिसेस काय करतात?" "काही नाही, घरीच असते." हे उत्तर देताना मागे स्वयंपाकघरात वीस डबे भरले जात असतात. डबे, शिवणकाम, शिकवण्या किंवा घरच्या दुकानात विनामोबदला बसणे हे सारे जनगणनेच्या दृष्टीने काम आहे, आणि वर्षातले सहा महिने किंवा अधिक काळ ते केलेली व्यक्ती 2011 च्या व्याख्येप्रमाणे मुख्य काम करणारी ठरते. शक्य असेल तिथे ज्याचे उत्तर त्यालाच, म्हणजे इथे तिलाच, देऊ द्यावे.

किरकोळ गफलतीही पुष्कळ होतात. वय "असेल पन्नास-पंचावन्न" असे न सांगता पूर्ण झालेली वर्षे सांगावीत. खोल्या मोजताना वन बीएचकेमधला हॉलही धरायचा असतो, स्वतंत्र स्वयंपाकघर मात्र नाही. मुख्य धान्य विचारले, की घराघरांत ज्वारी की गहू यावर चर्चासत्र भरते. एरवी जे जास्त खाल्ले जाते तेच सांगावे.

या वेळी जातीचीही नोंद होणार असल्याने एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. धर्म बौद्ध सांगितला म्हणून अनुसूचित जातीची नोंद निघून जात नाही. 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश होतो. धर्म आणि जात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावीत.

सोसायट्यांनी प्रगणकाला गेटवरून परत पाठवू नये आणि सेक्रेटरींनी सगळ्या फ्लॅटची माहिती अंदाजाने देऊ नये. 2011 मध्ये पुणे महापालिका हद्दीत 31,24,458 लोक मोजले गेले. त्यानंतर हद्दीत गावे आली, तरी 2026 च्या महापालिका निवडणुकीची प्रभागरचना 2011 च्याच जनगणनेवर झाली, आणि खडकवासला धरणातून शहराला किती पाणी मिळावे हा महापालिका व जलसंपदा विभागातला वादही लोकसंख्येवरच अडतो. म्हणून घर बंद असताना प्रगणक येऊन गेला असेल, तर शेजाऱ्यांकडून किंवा क्षेत्रीय कार्यालयातून त्याचा पत्ता काढून परत बोलवावे. 2011 मध्ये 1 ते 5 मार्च या काळात दुरुस्तीची फेरी झाली होती. मधल्या काळातला जन्म, मृत्यू किंवा राहून गेलेले नाव अशा फेरीतच नोंदवून घ्यायचे असते.