वेल्श ‘कुच’ : उच्चारात आणि व्युत्पत्तीत या चुका टाळा

वेल्समधल्या कार्डिफ किंवा स्वॉन्झीत राहायला गेलेल्या मराठी माणसाला कॅफेच्या पाटीवर, मगवर, उशीच्या अभ्र्यावर एक शब्द वारंवार दिसतो : सी-डब्ल्यू-टी-सी-एच. त्याचा अर्थ सहसा ‘मिठी’ असा सांगतात. बहुतेक जण तो ‘क्वच’ असा वाचतात. वेल्शमध्ये, म्हणजे वेल्सच्या भाषेत, डब्ल्यू हा स्वरही असतो. दरीला ‘कुम’, पाण्याला ‘दूर’ म्हणतात. दोन्हींत उकाराच्या जागी डब्ल्यूच लिहितात. तेव्हा हा शब्द ‘कुच’.

पण देवनागरीत लिहिला की आपली जीभ घोटाळा करते. शेवटच्या व्यंजनाआधीचा उकार आपण सवयीने लांबवतो आणि ‘कूच करा’तला ऊ येतो. तो नको. ‘कुठे’ म्हणायला लागा, ‘कु’वरच थांबा आणि पुढे चिमणीतला च जोडा. चुलीतला च लावलात तर शब्द पार बिघडतो.

कुणी शेवटी टी-एस-एच लिहिलं, तर ते सुधारू नका. वेल्शमध्ये सी-एच म्हणजे घशातून येणारा, ‘ख’च्या जवळचा घर्षक उच्चार, म्हणून तिथलं स्पेलिंग तसं. टी-सी-एच हे इंग्रजी वळण.

‘कुच म्हणजे मिठी’ एवढंच सांगणं मला फार अपुरं वाटतं. दक्षिण वेल्सच्या घरांत कुच म्हणजे जिन्याखालची अडगळीची जागा. कोळसा ठेवायची कोठडी म्हणजे ‘कुच ग्लो’. कुत्र्याला ‘कुच!’ म्हटलं की त्याने आपल्या जागी जाऊन पडायचं. अंग चोरून सुरक्षित राहायचा कोपरा, हा अर्थ मनात धरला की मिठीपर्यंतची वाट आपोआप दिसते.

हा अस्सल प्राचीन केल्टिक शब्द आहे, असं छातीठोकपणे सांगू नका. तो मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘कूश’वरून आला आणि तो मूळचा फ्रेंच, त्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निजवणे, आडवं होणे. इंग्रजी ‘काउच’ त्याच घराण्यातला. त्यामुळे आपल्या दिवाणखान्यातला कोच ‘कुच’चा लांबचा नातेवाईक लागतो.

‘कुशी’ मात्र नात्यात नाही. ध्वनी जवळचा, अर्थ तर थक्क करण्याइतका जवळचा, तरी कुशी आली संस्कृत ‘कुक्षि’वरून. नातं जोडू नका. पण भाषांतर करताना बेलाशक तोच शब्द घ्या. वेल्श आई रडणाऱ्या लेकराला कुच द्यायला बोलावते, तेव्हा ती त्याला आलिंगन देत नसते, कुशीत घेत असते.