ठणठणीत जनावर आणि औषधाला दाद न देणारे जंतू : पावसाळ्यातल्या गोठ्यासाठी सल्ला

आषाढाची झड लागली की गोठ्यातला चिखल हटत नाही आणि माझा फोनही थांबत नाही. "डॉक्टर, सड सुजलाय, दुधात गाठी येतायत, कुठलं इंजेक्शन देऊ?" बहुतेक वेळा एक इंजेक्शन आधीच देऊन झालेलं असतं. त्याने गुण आला नाही म्हणून दुसऱ्याचं नाव हवं असतं.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. आठ गायींचा गोठा, तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची गाय, मागचा उजवा सड दगडासारखा. पंधरा दिवसांपूर्वीही हाच सड सुजला होता. तेव्हा मालकाने मेडिकलमधून बाटली आणून दोन दिवस स्वतःच टोचली, सूज उतरली, उरलेली अर्धी बाटली सुईसकट वाशात खोचून ठेवली. मी पोचायच्या आधी तीच बाटली खाली काढून पुन्हा दोनदा टोचून झाली होती. खरी गोष्ट वहिनींकडून कळली. "चार दिवस झाले, घरात दही लागत नाही. विरजण बदललं, भांडं बदललं, तरी दूध तसंच पातळ." दुखऱ्या सडाचं दूध त्यांनी वेगळं काढलं होतं, पण उरलेल्या तीन सडांचं चांगलं दिसतंय म्हणून घरात घेतलं होतं. टोचलेलं औषध रक्तातून चारही सडांत उतरतं. विरजणातले जंतू त्या औषधानेच मरत होते. आणि दुखऱ्या सडाचं दूध? "वाया कशाला घालवायचं, वासराला पाजलं. थोडं कुत्र्याच्या थाळीत."

सगळा घोटाळा त्या वासराच्या बादलीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुधात उतरलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट, आणि औषधाला दाद न देणारे जंतू ही दुसरी. आपण दोन्हींची गल्लत करतो. अंश ठरावीक दिवसांनी दुधातून निघून जातो. दूध उकळून मात्र तो जात नाही, हे लक्षात ठेवा. जंतूंचं उलट असतं. उकळीने ते मरतात, पण दिवस मोजून ते जनावरातून निघून जातील याचा भरवसा नाही. वासराच्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. रोज औषधाचा थोडाथोडा अंश पोटात गेला की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. शिवाय हा चिवटपणा ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. घडी केलेली चिठ्ठी हातातून हातात जावी, तसा डीएनएचा छोटासा तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वासरू मात्र उड्या मारत असतं. ताप नाही, हगवण नाही, कातडी तुकतुकीत. शेणातून ते काय बाहेर टाकतंय ते डोळ्यांना दिसत नाही.

हे घरातल्या माणसांपर्यंत पोचतं का? अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एका शेतावर तपासून पाहिलं, तो अभ्यास 1976 साली प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या काही गटांना ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक) मिसळलेलं खाद्य सुरू केलं. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या माणसांच्या दर आठवड्याच्या विष्ठा-नमुन्यांपैकी 31.3 टक्के नमुन्यांत 80 टक्क्यांहून जास्त जंतू तसलेच निघाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण 6.8 टक्के होतं. औषध कोंबड्यांच्या खाद्यात होतं, माणसांच्या ताटात नव्हे.

आपल्याकडे तर गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एक उंबरठाच. गाय हात चाटते, त्याच हाताने आपण तंबाखू मळतो. पोरं वासराच्या गळ्यात पडतात. बेंदराला, पोळ्याला बैल दारात उभा करून त्याच्या तोंडात पुरणपोळी देतो. यातलं काही बंद करा असं मी म्हणणार नाही, मी स्वतःही बंद करणार नाही. हात धुवायला मात्र साबण लागतो, आणि किती गोठ्यांच्या दारात साबण दिसतो ते तुम्हीच आठवून बघा.

आता या हंगामात काय करायचं ते बघू. पावसाळ्यात औषधाचा सगळ्यात जास्त खप दगडीवर, म्हणजे कासदाहावर होतो, म्हणून सुरुवात तिथून.

धार काढून झाली की सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढ्यात गाय चिखलात बसली की शेणातले जंतू थेट कासेत जातात. म्हणून धार काढल्यावरच वैरण टाका, गाय उभी राहते. सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा. धारेआधी सड धुतले तर कोरडे पुसा, आणि प्रत्येक गायीला वेगळं फडकं घ्या. एकच ओलं फडकं आठ कासांवर फिरलं, तर एकीची दगडी आठ जणींना वाटली गेली. आधी निरोगी गायी, मग जुन्या दुखण्याच्या, आणि औषध चालू असलेली सगळ्यात शेवटी, असा धारेचा क्रम लावा. धार काढणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर ती झाकलेली हवी. जंतू माणसाकडून गायीकडेही जातात.

सड सुजायच्या आधीच दगडी ओळखता येते, तीही कपडे धुवायच्या पावडरीने. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर विरघळवा. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढून टाका, मग चारही सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांत घ्या. प्रत्येक वाटीत तेवढंच द्रावण घालून वाटी हळू फिरवा. दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात लपलेली दगडी आहे. पंधरवड्यातून एकदा हे करा. नुकतीच व्यालेली किंवा आटत आलेली गाय यात फसवते, तिचा निकाल धरू नका. आणि वाटीत घट्ट झालं म्हणून लगेच सुई उचलू नका. अशा वेळी कास स्वच्छ ठेवणं, दूध पूर्ण काढणं आणि लेप यावर बऱ्याचदा भागतं.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जो लेप सुचवतं, तो घरीच होतो. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम खायचा चुना एकत्र वाटला की लालसर होतो. त्यातला थोडा पाण्यात पातळ करून, कास धुऊन आणि दूध पूर्ण काढून, दिवसातून दहा वेळा असा पाच दिवस लावायचा. सोबत रोज दोन लिंबं चिरून खायला घालायची. दहा वेळा म्हटलं की लोक हसतात. दोनदा लावून गुण नाही म्हणणारेही हेच. पण गायीला ताप असेल, तिने वैरण सोडली असेल, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं येत असेल, सड गार लागत असेल, तर लेपावर वेळ घालवू नका. ती गाय एका रात्रीत हातची जाऊ शकते. 1962 वर फोन करा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना त्याच क्रमांकावर मिळतो.

सारखी उलटणारी दगडी असेल तर इंजेक्शन देण्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्या. आधी, नंतर नव्हे. सडाचं टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यायचं आणि बर्फात घालून न्यायचं. दाद कुठल्या औषधाला मिळेल ते तपासणीत कळतं. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर आणि मुंबईतली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. नमुन्याचा खर्च चुकीच्या दोन बाटल्यांपेक्षा जास्त नसतो.

औषध लागलंच तर ते पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत आणि तितके दिवस द्यायचं. सूज उतरली म्हणून मध्येच सोडायचं नाही. वाशात खोचलेल्या बाटलीचं नाव घेऊन आलेल्या फोनवर मी आता सरळ रागावतो. गायीला सर्रास टोचलं जाणारं सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन माणसांच्या इस्पितळातही न्यूमोनियाला आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाला देतात. एन्रोफ्लॉक्सासिन जनावराच्या शरीरात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे आपण लघवीच्या जंतुसंसर्गाला घेतो तेच. गोठ्यात हे वाया घालवलं तर घरातल्या आजीच्या वेळी ते चालेलच, असं धरून चालू नका.

औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस दूध डेअरीला नाही, घरात नाही, वासराला नाही, कुत्र्यालाही नाही. लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर नियमानुसार दूध आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28 दिवस धरायचे. हे दूध विहीर-ओढ्यापासून लांब खड्डा करून त्यात ओता. जिवावर येतं, मान्य आहे. दिवसाला पंधरा लिटर ओतून देणं सोपं नाही. म्हणूनच तर आधी फडकं आणि आयोडीन. इंजेक्शनची तारीख आणि दूध परत सुरू करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, रेतनाची लिहिता तशीच. धार काढणारा गडी बदलला तरी तारीख तिथेच राहते. गाय आटवताना सरसकट चारही सडांत अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची पद्धतही थांबवा. ज्या गायीला त्या वेतात दगडी झाली होती, तिच्यापुरतं डॉक्टरांना विचारा.

वासरांची हगवण हा पावसाळ्यातला दुसरा मोठा खर्च. यातली बरीचशी विषाणूंमुळे होते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. वासरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने, म्हणून इलेक्ट्रोलाइटचं पाणी आधी. शेणात रक्त दिसलं, ताप आला किंवा वासरू उठेना झालं तर डॉक्टर. आणि व्याल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पाजा, दिवसभरात वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. जार पडेपर्यंत चीक अडवून ठेवायची जुनी समजूत अजून काही वस्त्यांवर आहे. ती सोडा. घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या खुरकुताच्या लसी राहिल्या असतील तर दवाखान्यात आजच विचारा. लंपी आणि लाळ्या खुरकूत हे विषाणूचे आजार, त्यात अँटिबायोटिक लागलं तर ते जखमा चिघळल्यावर, डॉक्टर म्हणाले तरच.

कोंबडीवाल्यांना थोडक्यात सांगतो. आजार नसताना पाण्यातून "ताकदीचं" म्हणून मिळणारं औषध वाचल्याशिवाय घालू नका. कोलिस्टिन 2019 पासून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत बंद आहे, कारण माणसांच्या अतिदक्षता विभागात ते शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे. कंपनीच्या सुपरवायझरने आणलेल्या पुडीवर नाव छापलेलं नसेल तर ती परत करा.

उरलं शेण आणि कोंबडीखत. पावसात उघडा उकिरडा वाहून विहिरीत उतरतो आणि गोठ्यातले जंतू हंड्यात येतात. खड्ड्याला बांध घाला, ढिगावर प्लॅस्टिक टाका. ढीग आतून 55 अंशांपर्यंत तापला, काही दिवस तसा राहिला आणि पालटून पुन्हा तापला, तर त्यातले बरेच जंतू मरतात. आत हात घालवत नाही इतकं तापायला हवं. भिजून गार पडलेला ढीग नुसता कुजतो. कच्चं कोंबडीखत किंवा शेणाची ताजी स्लरी (पातळ काला) कोथिंबीर, मेथी, पालकाच्या वाफ्यात टाकू नका. यातली कोथिंबीर तर आपण नुसती निवडून, धुऊन कच्चीच खातो. उसाला, फळबागेला कुजलेलं घाला.

शेवटी दवाखान्यातलं एक काम, आपल्या, माणसांच्या. नेदरलँड्समध्ये 2004-05 च्या सुमारास वराहपालकाच्या घरातल्या एका लहान मुलीच्या अंगावर शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू सापडले. पुढे हेच जंतू तिथल्या धडधाकट डुकरांत आणि वराहपालकांत मोठ्या प्रमाणावर आढळले. तेव्हापासून तिथे वराहपालक रुग्णालयात दाखल व्हायचा असला की आधी त्याची तपासणी करतात. आपल्याकडे अशी पद्धत नाही. म्हणून जखम भरत नसेल, लघवीचा जंतुसंसर्ग परत परत होत असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात गुरं किंवा कोंबड्या आहेत आणि अलीकडे त्यांना अमुक औषध दिलंय. नाव आठवत नसेल तर बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.