लघवी मोजायची कशी आणि दवाखाना कधी गाठायचा

मी बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. फडात आडोसा नसतो, म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अंग ठणकलं की मेडिकलातली गोळी घ्यायची अन् पुन्हा मोळी डोक्यावर. लघवी कमी झाली, गडद पिवळी झाली, तर ‘उन्हाळी लागली असंल’ म्हणून सोडून देतात. पाणी पिऊन दिवसभरात लघवी पुन्हा फिकट अन् मोकळी झाली तर ठीक. नाही झाली तर मोजा.

लिटरचं प्लास्टिकचं माप घ्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतर दिवसरात्रीची प्रत्येक लघवी मापात धरायची, दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेची धरून. परसाकडला जाताना आधी मापात करून घ्या. हिशेब हमखास तिथंच चुकतो.

मोठ्या माणसाला साधारण 800 मिलीलिटर ते 2 लिटर होते. 400 च्या खाली गेली तर त्याच दिवशी दवाखाना. 3 लिटरच्या वर जात असेल तर साखर तपासा. पण 12 तास लघवीच झाली नसेल तर मोजत बसू नका, निघा. म्हाताऱ्या माणसाचं ओटीपोट फुगलंय, कळ येते पण थेंबथेंबच होते, तर लघवी तुंबली आहे. नळी घालूनच ती मोकळी होते, पाणी पाजून त्रास वाढतो. तसंच पायावर, सकाळी डोळ्यांखाली सूज आणि दम लागत असेल, तर ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून आग्रह करू नका.

रंगही बघा. बीट खाल्ल्यावर लाल, टीबीच्या गोळीनं केशरी होते, ते चालतं. रक्त गेलं तर मात्र, दुखत नसलं तरी, दाखवायलाच हवं. रोज फेस येऊन टिकत असेल तर प्रथिनं जात असतील.

गोळ्यांचं मला फार वाटतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या अंगदुखीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला जाणारं रक्त कमी होतं. उन्हात घाम गाळून, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेलं असताना ती घेतली, तर मूत्रपिंड अचानक बसू शकतं. मुकादमानं दिली तरी घेऊ नका, बायांनो.

आणि लघवी भरपूर होते म्हणजे मूत्रपिंड चांगलं, असं नाही. बिघाड बराच पुढं जाईपर्यंत लघवी नेहमीसारखीच होत राहते. साखर किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्यावं; फडावर जायच्या आधी केलेलं बरं. दवाखान्यात जाताना मोजमापाचा कागद आणि खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.