मोटाउनसारख्या म्युझिकलच्या पिटमध्ये बेस वाजवायचाय? तयारी अशी करा

पुण्या-मुंबईकडची मुलं हल्ली बऱ्याचदा विचारतात, बेस चांगला वाजतो, बाहेर म्युझिक शिकायला जायचंय, तर म्युझिकल थिएटरमध्ये, म्हणजे तिकडच्या गाण्या-नाचाच्या नाटकांत, काम मिळतं का. मिळतं. मी इंग्लंडमध्ये तेच करतो, पिटमध्ये म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बेस गिटार वाजवतो, जास्त करून डेप म्हणून, म्हणजे नेहमीचा बेसिस्ट सुट्टीवर गेला की त्याच्या खुर्चीत मी. तयारी कशी करायची ते मोटाउन द म्युझिकल धरून सांगतो, कारण बेसवाल्याला यापेक्षा चांगला अभ्यास नाही असं माझं ठाम मत आहे.

हा शो २०१३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला लागला, मग २०१६ ला लंडनच्या शाफ्ट्सबरी थिएटरला आला आणि २०१९ पर्यंत चालला. संहिता खुद्द बेरी गॉर्डीची, म्हणजे ज्याने १९५९ मध्ये डेट्रॉइटला घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली तोच. शोमध्ये ५० हून जास्त गाणी आहेत. आता एका संध्याकाळी एवढी गाणी बसवायची म्हणजे कित्येक गाणी कडवंभरच येतात, लगेच स्केल बदलून पुढचं सुरू, मध्येच संवाद, आणि संवादाखाली व्हॅम्प म्हणजे तेच दोन-चार बार फिरवत राहायचं, नटाचं वाक्य संपलं की कंडक्टर खूण करतो की पुढे सरका. कंडक्टर पण बरेचदा समोर नसतो, छोट्या स्क्रीनवर दिसतो. संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणारा जसा नटाच्या श्वासावर कान ठेवून असतो ना, तेच काम आहे हे, फक्त इथे समोर नोटेशन लिहिलेलं पान असतं.

आणि त्या पानावरच आपली मुलं अडतात. ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या मुलांचा कान जबरदस्त असतो, ऐकलं की वाजवलं, पण साईट रीडिंग, म्हणजे नवं पान बघून लगेच वाजवणं, कच्चं. आपल्याकडे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा होतात, तिथून सुरुवात करा, पण परीक्षेचे पीस पाठ करून थांबू नका, रोज एक कधीच न पाहिलेलं पान मेट्रोनोमवर न थांबता वाजवा, चुकलं तरी पुढे जा. पिटमध्ये मागे यायची सोयच नसते.

पण रीडिंगने फक्त खुर्ची मिळते. परत बोलावणं येतं ते फीलमुळे, आणि इथे जेम्स जेमर्सन ऐकल्याशिवाय पर्याय नाही. हिट्सव्हिल म्हणजे मोटाउनची डेट्रॉइटमधली इमारत, तिथल्या छोट्या स्टुडिओत (वादक त्याला स्नेकपिट म्हणायचे) फंक ब्रदर्स म्हणून जी वादक मंडळी बसायची त्यांचा हा बेसिस्ट. मूळचे जॅझवाले बहुतेक. फेंडर प्रिसिजन बेस गिटार, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारा, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी, बस. मोटाउनच्या माय गर्ल या गाण्याची सुरुवात ऐका, दोन सुरांवर उभी आहे, पण प्रत्येक नोट किती वेळ धरलीय आणि कुठे सोडलीय ते बघा, पॅडवर, म्हणजे वादकाच्या नोटेशनच्या वहीत, ते लिहून येत नाही. ड्रम्स आणि जॅक ॲशफर्डचं टॅम्बरीन बीट घट्ट धरून ठेवतात म्हणून बेसला एवढं मोकळं फिरता येतं, तेव्हा सराव करताना नुसता बेस ऐकू नका, टॅम्बरीनवर कान ठेवून वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

या वादकांची नावं अल्बमवर यायला १९७१ उजाडलं, गायक मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑनवर. म्युझिकल सुरू होतं ते मोटाउनच्या १९८३ मधल्या पंचविशीच्या सोहळ्यापासून, आणि त्या खऱ्या सोहळ्याला जेमर्सनला बोलावणंच नव्हतं, तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. मला याचं खूप वाईट वाटतं. म्हणून सांगतो, त्याची लाइन वाजवताना आपली कलाकुसर घुसडू नका, आधी ती जशी आहे तशी वाजवा.

आता काम कसं मिळतं. जाहिरात क्वचितच येते, शोचा नेहमीचा बेसिस्टच डेप सुचवतो, म्हणून कॉलेजात असतानाच अशा लोकांना भेटा, पिटमध्ये बाजूला बसून एक शो बघू द्याल का असं सरळ विचारा, बरेच जण हो म्हणतात. काम ठरलं की पॅड आणि शोचं रेकॉर्डिंग मिळतं, त्यावर घरी पूर्ण शो वाजवायचा, तुकडे नाही, पूर्ण, कारण पान उलटायला हात कधी मोकळा होतो ते तसंच कळतं. पहिल्या दिवशी वेगळी रिहर्सल नसते, थेट प्रेक्षकांसमोर.

व्हिसाचं आधीच बघा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स काम चालत नाही आणि डेपचं काम फ्रीलान्सच असतं, त्यामुळे शिकताना कॉलेजच्या प्रॉडक्शनमध्ये भरपूर वाजवा, पैसे घेऊन डेपिंग मात्र शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा हातात आल्यावरच, आणि तेव्हाच म्युझिशियन्स युनियन या तिथल्या वादकांच्या संघटनेचं सभासदत्व पण घेऊन टाका, मानधनाचे दर तिथे नीट कळतात.