लेटर्स मिळाली, वर्ष सरलं, काम उरलं

मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्र आणि वारसाची प्रकरणं बघणाऱ्या) विभागात नव्या ज्युनिअर वकिलाच्या वाट्याला बहुधा लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा कारभार बघण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार, मिळवून देण्याचं काम येतं. लेटर्स हातात पडली की घरच्यांना हायसं वाटतं आणि फाइल कपाटात जाते. मृताची मालमत्ता गोळा करणं, देणी फेडणं, उरलेलं वारसांना वाटणं हे सगळं तर त्यानंतरच सुरू होतं. मग या कामाचा हिशेब न्यायालयात देण्याची मुदत उलटली की घाबऱ्याघुबऱ्या फोन येतात. फोर्टमधल्या कार्यालयात बरीच वर्षं ही कामं करताना नव्या मुलामुलींना मुदतवाढीबद्दल जे सांगत आले, ते इथे लिहिते.

दादरच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "ताई, माझी लेटर्स संपली का हो?" पक्षकार हेच विचारतो, म्हणून उत्तर तुम्हाला झोपेतही देता आलं पाहिजे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 317 प्रमाणे प्रशासकाने, म्हणजे लेटर्स मिळालेल्या व्यक्तीने, ती मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयात दाखल करायचा असतो. दोन्ही मुदती न्यायालय वाढवून देऊ शकतं, तसं कलमातच लिहिलेलं आहे. म्हणजे वर्ष संपल्याने काकूंचे अधिकार संपत नाहीत, हिशेब देण्याची तारीख तेवढी उलटते. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही. यादी किंवा हिशेब जाणूनबुजून आणि सबळ कारणाशिवाय दाखल केला नाही, तर कलम 263 खाली लेटर्स रद्द होऊ शकतात. भावाभावांत बिनसलं की समोरचा वकील सगळ्यात आधी इथेच बोट ठेवतो.

काही लेटर्स मात्र खरोखरच संपतात. मृत्युपत्रात नेमलेला एकुलता एक एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती) अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असेल, तर त्याच्या पालकाला लेटर्स मिळतात ती तो सज्ञान होईपर्यंतच. तो अठराचा झाला आणि मालमत्तेचा काही भाग वाटायचा राहिला असेल, तर मुदतवाढीचा अर्ज करून भागत नाही. कलम 244 प्रमाणे आता त्याने स्वतः प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, घ्यायचं असतं. अशी मर्यादित लेटर्स इतर कारणाने संपली, तर कलम 260 खाली उरलेल्या भागापुरती नवी लेटर्स घ्यावी लागतात, तीही मुळात ज्यांना मिळू शकली असती त्यांनाच. म्हणून फाइल हातात आली की आधी लेटर्सचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यावर "पर्यंत" किंवा "पुरती" अशा अर्थाची अट आहे का, ते बघा. अर्ज कोणता करायचा हे त्या एका ओळीवर ठरतं.

दोन प्रशासकांपैकी एक वारला तर घरचे हवालदिल होतात. लेटर्समध्ये वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर कलम 312 प्रमाणे सगळे अधिकार हयात असलेल्याकडे येतात. इथे मृत्यूचा दाखला जोडून न्यायालयाला कळवलं की पुढे चालता येतं.

आता अर्जाबद्दल. न्यायालय मुदत देतं ती तुमच्या कारणांकडे बघून. "कौटुंबिक अडचणींमुळे विलंब झाला" असं मोघम लिहिलेला अर्ज वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण त्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी प्रामाणिकपणे केलेली धावपळ असते आणि ती कागदावर उतरलेलीच नसते. काकूंच्या कामात अडलं होतं शेअर्सपाशी. यजमानांच्या जुन्या कागदी सर्टिफिकेटांवर कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, एका फोलिओत (कंपनीकडच्या भागधारकाच्या खात्यात) तर आडनावाचं स्पेलिंगच निराळं. कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारने ही सगळी नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यातल्या एका कंपनीचा लाभांश सलग सात वर्षं कुणी उचललाच नव्हता, त्यामुळे ते शेअर्स कायद्याप्रमाणे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेले होते. ते परत मिळवायला आयईपीएफ-5 हा फॉर्म भरावा लागतो आणि कंपनीकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. हे सगळं तारखांनिशी, पत्रांच्या प्रतींसह प्रतिज्ञापत्रात लिहिलं. उशीर का झाला हे मग वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही हवी. माझ्या वहीत डाव्या पानावर काय हाती आलं, उजव्या पानावर ते कुठे गेलं, आणि शेवटच्या पानावर काय बाकी आहे, कुणाकडे अडलंय, शेवटचं पत्र कधी गेलं. अंत्यविधीचा खर्च आणि लेटर्स मिळवण्याचा खर्च वेगळा दाखवा, कारण कायद्याने त्यांचा नंबर इतर देण्यांच्या आधी लागतो. मुदतवाढीचा अर्ज म्हणजे जवळजवळ त्या शेवटच्या पानाची स्वच्छ नक्कल. आतापर्यंतचा अर्धा हिशेबही सोबत जोडा. इतर वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं मिळत असतील तर तीही घ्या. आणि मुदत संपायची वाट बघू नका, महिनाभर आधीच अर्ज तयार ठेवा.

फ्लॅट विकायचा असेल तर तो विषय निराळा. मुदत वाढली म्हणून विक्रीची परवानगी मिळाली असं होत नाही. कलम 307 प्रमाणे प्रशासकाला स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. परवानगीविना केलेला व्यवहार हितसंबंधी व्यक्ती रद्द करवून घेऊ शकते. मुंबईत मृताच्या मालमत्तेत बहुतेकदा सगळ्यात मोठी रक्कम फ्लॅटचीच असते, तेव्हा खरेदीदाराकडून टोकन घेण्याआधीच हा अर्ज करा. सोसायटीत नॉमिनेशन आहे म्हणून नॉमिनी मालक झाला, असंही कुणाला सांगू नका.

आदेश झाला की त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज टाका आणि नवी तारीख डायरीत लिहा. पूर्ण वाटप होईपर्यंत मालमत्तेचं व्याज आणि भाडं प्रशासकाच्या नावाने स्वतंत्रपणे करपात्र राहतं, म्हणून त्याच आठवड्यात सीएला फोन करून मुदत वाढल्याचं कळवा, नाहीतर त्या वर्षाचं रिटर्न राहून जातं.